निरोप संपला

आमच्या ऑफिसात टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर होता. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, नुसती काळी पेटी आणि मागून निघालेल्या दोन वायरी. पेटीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर जाड अक्षरात लिहिलेलं होतं, 'मधी बोलू नये'. ऑफिसात नवीन येणारा माणूस ते वाचून हसायचा आणि हे कुणी लिहिलंय म्हणून विचारायचा. गेल्या आठवड्यात मालकांनी ती पेटी बंद करायला सांगितली. तिची गरज संपली होती. मी बटण दाबलं. आतला पंखा थोडा घरघरला आणि थांबला. मग मला जागेवर बसवेना. मी उठून मागच्या जिन्यावर गेले आणि आप्पा डबा खायला बसायचे त्या पायरीवर बसून पोटभर रडले.

आप्पा आमच्याकडे आले ते डोक्यावरचे सगळे केस पांढरे करूनच. त्याआधी त्यांची उमर साजगावच्या एका कारखान्यात गेली होती. यंत्रांची मापं दाखवणारे काटे आणि डबे दुरुस्त करणं हे त्यांचं काम. कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा ते त्यांनी हौसेने शिकून घेतले, आणि कारखाना बंद पडला तेव्हा कर्जतच्या बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर असलेल्या आमच्या ऑफिसात येऊन उभे राहिले. आम्ही फार्महाऊस, हॉटेलं, लग्नाचे हॉल यांच्या वेबसाईट करतो. आम्ही म्हणजे मालक आणि मी. आप्पा आले आणि आम्ही तिघं झालो. मालकांनी त्यांना विचारलं, "पगाराची काय अपेक्षा आहे?" तर म्हणाले, "ते तुमी बगा. माझं एकच हाय. माज्याजवळ निरोप दिलात तर नीट शब्दांत द्या. मी त्यात काय भर घालनार नाय."

मालकांना वाटलं, म्हातारा जरा सर्किट आहे. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

उन्हाळा असो की थंडी, आप्पांच्या काखेत छत्री असायची. डब्यात बारा महिने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. तो वास खालच्या कापडदुकानात जायचा आणि दुकानदार वर बघून ओरडायचा, "आप्पा, गिऱ्हाईक पळतंय!" त्यावर आप्पा खाली वाकून म्हणायचे, "त्याला भाकरी दे, थांबंल." व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी काही पुढे ढकललं की त्या माणसाला त्यांचा हमखास उलट प्रश्न जायचा, 'हे तू स्वतः बघितलंस का?' मालकांच्या मेव्हण्याने हळदीने हाडं सांधल्याची बातमी टाकली तेव्हा आप्पांनी हाच प्रश्न त्याला रोज सकाळी विचारला. शेवटी तो ग्रुप सोडून गेला.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा निरोपात होता. कुणाचा फोन आला आणि तो माणूस जागेवर नसला, तर आप्पा पलीकडच्याला सांगत, "हां, शब्द सांगा." मग ते शब्द स्वतःशी पुटपुटून पक्के करत. ज्याचा निरोप तो आला की त्याच्यासमोर ताठ उभे राहत, पलीकडच्याच्या सुरात तो सबंध म्हणून दाखवत, आणि शेवटी म्हणत, "निरोप संपला." एकदा एक फार्महाऊसवाला फोनवर चिडला होता. मालक चहा पिऊन वर आले तर आप्पा उभे. "निरोप हाय. 'तुमचा मालक गाढव हाय. काम घेतो आन फोन उचलत नाय. त्याला म्हनावं, एकदा तोंड दाखव, मंग बगतो.' निरोप संपला."

मालक लाल झाले. म्हणाले, "आप्पा, अहो थोडं सौम्य करून सांगायचं."

"मी कशाला सौम्य करू? तो गरम होता," आप्पा म्हणाले आणि जाऊन जागेवर बसले.

मी तेव्हा नुकती पळसदरीत लग्न होऊन आले होते. आप्पांचं घर आमच्या घराच्या खालच्या अंगाला, धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर. त्यामुळे मी त्यांची सहकारी असले तरी गावाच्या नात्याने सून. ऑफिसातही ते मला 'सूनबाई'च म्हणत. एका कॉम्प्युटरवाल्या बाईला सगळ्यांदेखत सूनबाई म्हणणं मला सुरुवातीला खटकलं. नंतर सवय झाली. आता कुणी तसं म्हणत नाही तर चुकल्यासारखं होतं.

त्या पेटीची गोष्ट अशी. जुन्या हायवेवर, चौक गावाच्या अलीकडे, एक लग्नाचा हॉल आहे. त्याची वेबसाईट आमच्याकडे आली. हॉलच्या कुठल्या तारखा मोकळ्या आहेत ते पानावर दिसायला हवं होतं. पण तारखांचा हिशेब दुसऱ्याच एका कंपनीच्या सर्व्हरवर होता. आमचं पान तिकडे विचारायला गेलं की ब्राउझर लाल अक्षरात अडवायचा. हे सगळ्याच वेबसाईटवाल्यांचं जुनं दुखणं आहे, मलाही ठाऊक होतं, पण आप्पांनी ते मालकांना समजावून सांगितलं तसं मी कुठे ऐकलं नव्हतं.

"हे बगा," ते म्हणाले, "आपलं पान त्या कंपनीला इचारतं, अमुक तारीख मोकळी हाय का? इचारनं जातं. उत्तर पन येतं. पन दारात हा ब्राउझर बसलाय राखनदार. तो उत्तराच्या कपाळाकडं बगतो. 'ह्या पानाला दिलं तरी चालंल' असं तिथं लिवलेलं नसलं, तर आलेलं उत्तर तो पानाच्या हातात पडू देत नाय."

"मग आपण लिहू की तसं," मालक म्हणाले.

"आपन नाय. ज्याचं उत्तर, त्यानंच लिवायचं. एकच ओळ असते. पन ती समोरच्यानं लिवायची असते."

समोरची कंपनी ती ओळ लिहायला तयार नव्हती. आमच्या पत्रांना त्यांचं उत्तर यायचं, 'आपली विनंती संबंधितांकडे पाठवली आहे'. मग मार्ग एकच. मध्ये आपला एक माणूस, म्हणजे आपलाच एक कॉम्प्युटर, ठेवायचा. राखणदार पानांना अडवतो, सर्व्हर सर्व्हरशी बोलायला गेला तर त्याला अडवत नाही. पानाने आपल्या माणसाला विचारायचं, त्याने पलीकडे जाऊन विचारायचं, उत्तर आणायचं आणि परवानगीची ओळ घालून पानाच्या हाती द्यायचं. याला आमच्याकडे प्रॉक्सी म्हणतात. आप्पा म्हणाले, "मी दोन-तीन दिवसांत नीट बसवून देतो."

मालकांना दोन-तीन दिवसही धीर निघेना. आप्पा दाढ काढायला खोपोलीला गेले त्या दिवशी त्यांनी इंटरनेटवरची एक फुकटची प्रॉक्सी शोधली आणि तिचा पत्ता आमच्या पानात चिकटवून टाकला. लाल अक्षरं गेली, तारखा दिसायला लागल्या. मालकांनी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी आप्पा सुजल्या गालाने आले, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यो मधला कोन?"

"फुकट आहे हो आप्पा. जगभर वापरतात."

"कुनाचा कोन, म्हायत नाय. निरोप फुकट नेनारा मानूस आदी नीट बगून घ्यावा." आणि त्यांनी पेढ्याला हात लावला नाही. अर्थात दाढही दुखत असावी.

तो फुकटा काय करत होता ते महिन्याभरात कळलं. तो दर वेळी पलीकडे जाऊन विचारतच नव्हता. एकदा आणलेलं उत्तर खिशात ठेवायचा आणि पुढच्याला तेच काढून द्यायचा. त्यामुळे गेलेली तारीखही आमच्या पानावर मोकळीच दिसत राहिली. त्यात आमच्या पानावरून बयाणा भरला की तारीख पक्की, अशी सोय मालकांनी हौसेने करून ठेवलेली. एका रविवारी त्याच हॉलमध्ये, त्याच दिवशी, चौकच्या एका गॅरेजवाल्याच्या मुलीचं लग्न आणि खालापूरच्या एका लाकूडव्यापाऱ्याच्या मुलीचा निकाह, दोन्ही पक्के झाले. दोघांच्याही पत्रिका वाटून झाल्या होत्या.

दोन्ही बाप एकाच सकाळी आमच्या माडीवर आले. गॅरेजवाले आत खुर्चीत बसले, लाकूडवाले चाचा बाहेर जिन्यावर उभे राहिले. आत येईनात. एकमेकांचं तोंड बघायची दोघांचीही तयारी नव्हती. मालक मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत होते. तेव्हा आप्पा उठले, छत्री काखेत घेतली आणि मधल्या दारात जाऊन उभे राहिले.

"शब्द सांगा," ते गॅरेजवाल्यांना म्हणाले.

"त्याला सांगा, माज्या पोरीच्या लग्नात कोन आडवा आला तर त्याचा ट्रक हायवेला सोडनार नाय!"

आप्पांनी जिन्यावर जाऊन ते जसंच्या तसं म्हटलं, निरोप संपला म्हटलं, आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. चाचांचं उत्तर याहून तिखट होतं. तेही आत आलं. असं दोन-चारदा झालं. मी कपाळाला हात लावून बसले होते. पण मग एक गंमत झाली. आप्पा गॅरेजवाल्यांचंच एक वाक्य बाहेर नेण्याआधी पक्कं करायला म्हणून त्यांच्यासमोर म्हणत होते. स्वतःचीच शिवी म्हाताऱ्या, सपाट आवाजात ऐकून गॅरेजवाले ओशाळले. "र्‍हाऊ द्या, ते नका सांगू," ते म्हणाले. "त्यांना इचारा, निकाह कवा हाय?" चाचा म्हणाले, दुपारचा आहे, पण सूर्य मावळल्यावर, मगरीबच्या नमाजानंतर करता येईल. गॅरेजवाले म्हणाले, आमचा मुहूर्त दुपारचा, पंगती संध्याकाळच्या आत उठतील, हॉल झाडून देऊ. मग चाचांचा निरोप आला, "त्यांना बोला, फुलं काढू नका. मंडप तसाच ठेवा. आमाला चालंल." हा निरोप ऐकल्यावर गॅरेजवाले उठले आणि स्वतः जिन्यावर गेले. आप्पा बाजूला झाले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा पोट धरून हसताना बघितलं.

त्याच आठवड्यात त्यांनी टेबलाखालची पेटी बसवली. ती फक्त आमच्याच पानाचा निरोप नेई, दुसऱ्या कुणाचा नाही. खिशात काही ठेवत नसे. तारखांना हात लावत नसे. सगळं झाल्यावर त्यांनी चिकटपट्टीवर ते तीन शब्द लिहिले, पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मानूस म्हनून जमत नाय ते तरी तू कर."

मला वाटलं, म्हातारा बोलतोय काहीतरी. तोवर मी त्यांचं घर आतून बघितलं नव्हतं.

संध्याकाळी मी स्कूटीवरून घरी जाताना त्यांना सोबत नेऊ लागले आणि मग कळलं. त्यांचं घर एक, पडवी एक, पण मधून विटांची भिंत. एका बाजूला आप्पा एकटे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना मी काका म्हणते. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसत. पूर्वी काकू दोघांमधले निरोप नेत. त्या गेल्यावर काकांनी दारच्या कुत्र्याला कामाला लावलं. "मोत्या, सांग त्याला, वायरमन येऊन गेला," असं ते पडवीत मोठ्याने म्हणत आणि आप्पा भिंतीपलीकडे ऐकत. मी दिसू लागले तशी मोत्याची नोकरी गेली.

"सूनबाई," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. आप्पा माझ्या शेजारी, माझ्या कोपराला कोपर लावून उभे. "त्याला सांग, उद्या नळाला पानी नाय."

मी आप्पांकडे बघितलं. ऐकू तर आलंच होतं. पण आप्पा छत्री टेकून वाट बघत होते. "निरोप दे," ते म्हणाले.

"उद्या नळाला पाणी नाही."

"पानी नाय बोल्ला तो."

"उद्या नळाला पानी नाय. निरोप संपला," मी म्हटलं. तेव्हा कुठे आप्पांनी मान हलवली. "त्याला सांग, मी भरून ठेवलंय. त्याच्या बाजूचं पिंप पन भरलंय." आणि हे मी काकांना, हाताच्या अंतरावरच्या माणसाला, तोंड वळवून सांगितलं. घरी येऊन नवऱ्याला सांगताना मी हसून हसून लोळले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आई मेली तवा मोठा आला नाय. तवापासनं बंद हाय."

मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. रोजचे निरोप मात्र नेत राहिले. त्यात पाणी, वीज, भाताचं बियाणं, कोंबडी कुणाच्या अंगणात गेली, असलंच असायचं. पण पिंप न चुकता भरलेलं असायचं, आणि काकांनी नदीचे मासे आणले की एक वाटी भिंतीच्या टोकावर झाकून ठेवलेली असायची. तिच्याबरोबर निरोप नसायचा. इतकं असून दोन म्हातारे बोलत नव्हते, आणि मला कधी कधी दोघांच्या टाळक्यात छत्री घालावीशी वाटायची.

मागच्या भातकापणीच्या सुमाराला आप्पांना धाप लागू लागली. खोपोलीच्या एका छोट्या हॉस्पिटलात त्यांना ठेवलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. मी ऑफिस सुटल्यावर तिकडे जायची आणि मग गावात. काका पडवीत बसलेले असत. "काय बोलतो?" ते विचारत.

आप्पांनी मला शब्द देऊन ठेवले होते. "'बरा हाय.' निरोप संपला," मी म्हणायची.

काका मान हलवायचे. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी आप्पांना बोलताना मध्ये थांबावं लागत होतं, आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून घरचं कोण आहे म्हणून विचारलं. मी आत जाऊन म्हटलं, "आप्पा, काकांना बोलावू?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाले, "माजी आई आजारी पडली तवा मी कारखान्याच्या खोलीवर र्‍हायचो. ह्यानं दूधवाल्याजवळ निरोप धाडला. 'आईला बरं नाय, सवडीनं येऊन जा.' सवडीनं! माजी पाळी होती, बदली मिळंना. सुट्टीच्या दिवशी गेलो. राख थंड झाल्ती गं. आन ह्यो मला बोलतो, आलास? झाली का सवड?" त्यांचा श्वास संपला. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला कशाला बोलवू मी?"

त्या दिवशी मी गावात पोचले तेव्हा काका पडवीत विळ्याला धार लावत होते. "काय बोलतो?" त्यांनी विचारलं. मधल्याने स्वतःचं काही विचारायचं नसतं, हे मला आप्पांनीच शिकवलेलं. तरी मी विचारलं. "काका, आई आजारी होत्या तेव्हा तुम्ही दूधवाल्याजवळ काय निरोप दिला होता?"

त्यांनी विळा खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. "काय म्हंजे? 'आत्ताच्या आत्ता नीघ. आई तुजं नाव घेते.' दुसरं काय बोलनार मी?"

"सवडीने ये, असं नाही?"

"सवडीनं?" काका माझ्याकडे बघत राहिले. "आई रातभर त्याला हाका मारीत होती, आन मी बोलनार सवडीनं ये?"

मग मला सगळं समजलं. त्या दूधवाल्याला मी बघितलेलं नाही, तो केव्हाच गेला. पण मला तो दिसतो. सकाळच्या दुधाच्या गडबडीत, कारखान्याच्या फाटकाशी, पोराचा चेहरा बघून त्याला दया आली असणार. घाबरेल बिचारा, म्हणून त्याने शब्द जरा मऊ केले. वाईट माणूस नव्हता तो. मालक नाही का म्हणाले, थोडं सौम्य करून सांगायचं. आणि एका भावाने ऐकलं सवडीने ये, दुसऱ्याने बघितलं की बोलावूनही आला नाही. दोघांनीही एकमेकांना नुसतं विचारलं नाही. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो, आणि दोघांपैकी कुणावर काढावा ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आप्पांचा निरोप असल्याशिवाय काका निघणार नव्हते, म्हणून मी सकाळीच एकटी हॉस्पिटलात गेले. पलंगाजवळ ताठ उभी राहिले. "आप्पा, निरोप आहे. तेव्हाचा आहे. 'आत्ताच्या आत्ता नीघ. आई तुजं नाव घेते.' निरोप संपला."

आप्पांनी डोळे मिटले. "पुन्यांदा सांग," ते म्हणाले. मी सांगितलं. "हेच शब्द?"

"हेच. मी बदलले नाहीत."

"तू नाय बदलनार," ते म्हणाले. त्यांच्या कानात डोळ्यांचं पाणी जात होतं आणि ते पुसायला त्यांचा हात वर येत नव्हता, म्हणून मी पदराने पुसलं.  मग त्यांनी मला जवळ बोलावलं. श्वास घेत घेत, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "त्याला सांग. आत्ताच्या आत्ता नीघ. सवडीनं नको."

काकांकडे फोन नव्हता. काकूंचा होता तो त्यांच्यामागे बंदच पडून होता. माझा नवरा ड्युटीवर, सासूबाईंचे गुडघे धरलेले. तिसऱ्या कुणाच्या हातून हा निरोप धाडायची तर मला हिंमतच नव्हती. मी नर्सला सांगितलं आणि स्कूटी काढली. वाटेत मी ते शब्द आप्पांसारखेच पुटपुटत होते, एकही इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

काका शेतात भात कापत होते. मी बांधावरूनच ओरडले, "काका, निरोप आहे! 'आत्ताच्या आत्ता नीघ. सवडीनं नको.' निरोप संपला!"

त्यांनी विळा टाकला तो तसाच पेंढीवर. चपला घालायलाही वळले नाहीत. स्कूटीवर मागे बसले तेव्हा त्यांच्या पायांची ओली माती माझ्या साडीला लागली. सबंध वाटेत गाडी हळू झाली की त्यांचा माझ्या खांद्यावरचा हात घट्ट व्हायचा.

आम्ही पोचलो तेव्हा आप्पांच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. नर्सने माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी आत्ताच, ती म्हणाली. पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढलेली होती. तोंड मोकळं होतं. छत्री खिडकीला टेकलेली.

काका पायाशी उभे राहिले. हाताला भाताचं कुसळ चिकटलेलं, पाय चिखलाचे. मला वाटलं, आता तरी हे त्यांना हाक मारतील. त्यांचे ओठ हललेही. पण इतक्या वर्षांची सवय होती, ती एका सकाळीत कुठून जाणार? ते माझ्याकडे वळले.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्याला सांग. आलो म्हनावं. लगेच निघालो."

मी पलंगाकडे तोंड केलं. ताठ उभी राहिले. 

"आप्पा, निरोप आहे. 'आलो. लगेच निघालो.' निरोप संपला."

मी मागे वळले तेव्हा काका माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. उत्तर मी नेहमी आणायची.